हात घरी ठेवून

बाटल्यांच्या त्या कारखान्यात चारशे माणसं बाटल्या बनवायची आणि एक माणूस त्या फोडायचा. चारशे जणांना बाहेर कोणी विचारत नसे. फोडणाऱ्याला मात्र सगळं गाव ओळखून होतं, आणि जमेल तेवढं लांबून.

त्यांना घणमामा म्हणत. मामा ते कोणाचेच नव्हते. पण तेहेतीस वर्षं हातात दोन किलोचा घण वागवणाऱ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची कोणाची छाती होईना, म्हणून लोकांनी आपलं नातं जोडून घेतलं, इतकंच. उंची बेताची, मान जवळजवळ नाहीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत काचेच्या पांढऱ्या रेघा. कोणीतरी पाटीवर अक्षरं गिरवावीत आणि कंटाळून अर्ध्यात सोडून द्यावीत, तशा.

काम असं. भट्टीतून निघालेल्या बाटल्या थंड होऊन पट्ट्यावरून येत आणि दिव्याच्या एका मोठ्या पांढऱ्या पाटीसमोरून एकामागून एक सरकत जात. पाटीपुढे बसलेला तपासनीस वाकडी मान, फुगलेलं पोट, तडा, बुडबुडा असं काही दिसलं की ती बाटली उचलून गाड्यात टाकी. गाडा मामांकडे. मामा लोखंडी हौदावर उभे राहून एकेका बाटलीच्या खांद्यावर एकच घाव घालत. दुसरा घाव घालावा लागणं हे त्यांच्या मते अडाण्याचं लक्षण. हौदातली काच पुन्हा भट्टीत जाई आणि आदल्या दिवशी मेलेली बाटली दुसऱ्या दिवशी परत समोर येई. ह्या धंद्यात शेवट असा नव्हताच.

अडचण एकच होती. दोनचा भोंगा झाला की घण स्टोअरमध्ये जमा व्हायचा, हात मात्र घरी यायचे. आणि हातांना भोंगा ऐकू येत नसे. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं नाक डावीकडे वळलेलं होतं, ते मामांनी वळवलं होतं. वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या दाराला मधोमध एक भोक होतं, ते मामांच्या मुठीच्या मापाचं होतं. दवाखान्यातल्या कारकुनाने एकदा “उद्या या” म्हटलं, तर उद्या त्या खिडकीला काच नव्हती. मामींच्या अंगाला मात्र त्यांनी जन्मात बोट लावलं नव्हतं. ह्यात मामांचा चांगुलपणा किती आणि मामींच्या दंडाचा धाक किती, हे सांगणं कठीण आहे. मामी धुलाईच्या कारखान्यात वाफेच्या इस्त्रीवर होत्या. ओल्या चादरींचे गठ्ठे त्या असे उचलत, की बघणाऱ्याने आपोआप आवाज खाली आणावा.

मामींना द्राक्षांचे मळे बघायचे होते. ही इच्छा त्यांना कारखान्याच्या कॅलेंडरने लावली. वाईनवाले दरवर्षी बाटल्यांच्या कारखान्याला कॅलेंडर पाठवीत: बारा महिने, बारा टेकड्या, आणि प्रत्येक टेकडीवर कंगवा फिरवल्यासारख्या वेलींच्या रांगा. मामा ते घरी आणत. वर्ष संपलं तरी मामी पानं फेकत नसत. स्वयंपाकघराच्या भिंतीला रंग कोणता आहे, हे घरातही कोणाला आठवत नव्हतं, इतक्या टेकड्या तिथे चिकटवलेल्या होत्या.

“एकदा जाऊ,” मामी म्हणत.

“तिथे आहे काय?” मामा म्हणत. “आपल्याच बाटल्या.”

पण न जाण्याचं खरं कारण बाटल्या नव्हत्या. तिथे धाकटा होता.

धाकटा म्हणजे मामांचा सख्खा भाऊ. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत तोही ह्याच कारखान्यात, दिव्याच्या पाटीपुढे तपासनीस होता. आता बाटलीचे दोष सतरा, पण त्यातला एक असा, की त्याचं नाव घेताना भट्टीवरचे लोकही आवाज उतरवतात. काच ओली असताना बाटलीच्या आत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत केसाएवढा काचेचा धागा ताणला जातो. त्याला झोपाळा म्हणतात. बाहेरून बाटली निर्मळ दिसते. भरताना, हिंदकळताना, नाहीतर नुसतं बूच ओढताना, कधी तो धागा तुटेल सांगता येत नाही; तुटला की पेल्यात उतरतो, आणि पिणाऱ्याच्या घशात जातो. कारखान्याचा नियम सोपा होता: झोपाळा दिसला की फोड. कोणाच्या हातात आहे, कोण मध्ये आहे, बघायचं नाही.

मामांनी तो नियम पाळला. त्या दुपारी त्यांना वाटलं, पाटीपुढून झोपाळा गेला. ते ओरडले. धाकट्याने बाटली उचलून दिव्यापुढे धरली, फिरवून बघितली आणि म्हणाला, “काही नाही दादा. तुझे डोळे गेलेत.”

“आण इकडे.”

“नाही आणत. दिवसभर तेच चाललंय तुझं. भाऊ म्हणून ऐकून घेतो, तर—”

घाव पडला तेव्हा बाटली धाकट्याच्याच डाव्या हातात होती. बाटली गेली, आणि तिच्याबरोबर करंगळीच्या आणि शेजारच्या बोटाच्या नसा गेल्या. पाटीवर रक्त उडालं. दिवा आतून चालूच असल्यामुळे ते लाल काचेसारखं चमकत राहिलं, आणि बंद करायचं बटण कुठे आहे हे कोणालाही आठवेना. त्या बाटलीत झोपाळा होता की नव्हता? मामा नऊ वर्षं सांगत आले की होता. पण तुकड्यांच्या ढिगात धागा शोधणार कोण, आणि शोधला तरी ओळखणार कसा?

बोटं जुळली, पण वाकेनात. धाकटा नोकरी सोडून द्राक्षांच्या मुलखात गेला आणि एका मळ्यावर बाटल्या भरायच्या कामाला लागला. नऊ वर्षांत दादाला एक ओळ नाही. वहिनीला मात्र पत्रं येत. आणि ह्या वर्षी मामांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना आलेल्या पत्रात शेवटी लिहिलं होतं: “वहिनी, तोडणीच्या दिवसांत या. मळा तेव्हाच बघण्यासारखा असतो. दादालाही आणा. पण त्याला म्हणावं, हात घरी ठेवून ये.”

मामींनी ते वाचून दाखवलं. मामा आपल्या हातांकडे असे बघत राहिले, जणू ते दोन भाडेकरू होते आणि त्यांना बाहेर काढायचं कसं हे कळत नव्हतं.

“जायचं,” ते म्हणाले.

“जायचं,” मामी म्हणाल्या. “निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातची बस आहे. मध्ये एकवीस दिवस आहेत. ह्या एकवीस दिवसांत तुमच्या हातून एक कपबशी फुटली, एक नाक फुटलं, कोणाच्या दाराचा साधा टवका उडाला, तर मी एकटी जाईन. तुम्ही बसा इथे भिंतीवरच्या टेकड्या बघत.”

“आणि ड्युटीवरच्या बाटल्या?”

मामींनी क्षणभर विचार केला. बाई न्यायाची होती. “भोंगा व्हायच्या आत फुटेल ते कंपनीचं. भोंग्यानंतर फुटेल ते तुमचं.”

पहिला आठवडा आखणीत गेला. मार्च महिन्याच्या टेकडीच्या पाठीमागे मामींनी यादी केली. मामींना वेलींच्या रांगांतून शेवटपर्यंत चालायचं होतं, आणि शेवटी जे काही असेल त्याच्यावर बसायचं होतं. मामांना बाटल्या भरायचं यंत्र बघायचं होतं.

“एवढ्या लांब जाऊन यंत्र?”

“तेहेतीस वर्षं मी फोडल्या नाहीत त्या बाटल्या जातात कुठे, ते बघायला नको?”

मामींनी यंत्र लिहिलं. पुढे कंसात ‘लांबून’ असंही लिहिलं.

प्रवासाच्या कचेरीत तिकिटं काढायला दोघं गेली, तिथे पहिली परीक्षा झाली. रांग मोठी. एक दांडगा गृहस्थ फाईल बगलेत मारून सरळ पुढे घुसला आणि त्याचं कोपर मामींच्या बरगडीत बसलं. मामींच्या तोंडून हवा निघाली. मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही मुठी आपोआप वर आल्या, आणि छातीपर्यंत येऊन थांबल्या. मग त्यांनी त्या, पिसाळलेली दोन कुत्री पोत्यात कोंबावीत तशा पँटच्या खिशात कोंबल्या. आत काहीतरी टर्रकन फाटलं.

“मागे व्हा,” मामा म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलायची सवय नसल्यामुळे ते कोणाला ऐकू गेलं नाही.

“काय म्हणालास रे म्हाताऱ्या?” गृहस्थाने त्यांना छातीवर ढकललं. मामा दोन पावलं मागे गेले. मागचा मागच्यावर पडला, मागच्याने त्याच्या मागच्याला शिवी दिली, आणि बघता बघता रांगेच्या शेपटाशी दोन अनोळखी माणसं एकमेकांना छत्र्यांनी झोडपू लागली. मामींनी शांतपणे आपली टाच उचलली आणि त्या गृहस्थाच्या बोटांवर सगळं वजन घालून उभ्या राहिल्या. तो ओरडला, खाली वाकला, आणि वाकल्यावर टेबलाची कड त्याच्या कपाळाला लागली.

“पुढचं कोण?” खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

“आम्ही,” मामी म्हणाल्या.

“प्रवासाचं कारण?”

“भांडण मिटवायचं आहे,” मामा म्हणाले.

“तसा रकाना नाही. पर्यटन लिहिते.”

बाहेर आल्यावर मामांनी खिशांतून हात काढले. दोन्ही खिशांची अस्तरं हाताबरोबर बाहेर आली.

“हे तुमच्या हातून फाटलं,” मामी म्हणाल्या.

“फुटलं नाही.”

“फुटलं नाही,” मामींनी मान्य केलं.

दुसऱ्या आठवड्यात बातमी फुटली. मामींनी इस्त्रीवर एका बाईला सांगितलं, तिने वाफेतून दुसरीला सांगितलं, आणि घणमामा अमुक तारखेपर्यंत हात उचलणार नाहीत ही गोष्ट सगळ्या वस्तीला कळली. तेहेतीस वर्षांत मामांनी लोकांना इतकं काही देऊन ठेवलं होतं, की परत करायला माणसं आपणहून येऊ लागली.

पहिला वरच्या मजल्यावरचा आला. त्याच्या मोरीचं पाणी सहा वर्षं मामांच्या छतातून गळत होतं आणि त्या पाण्यापायी जिन्यात चार वेळा मारामारी झाली होती. चारही वेळा वरचाच खाली आला होता, पायऱ्या न मोजता. तो सकाळी दारात उभा राहिला, त्याने एक बोट मामांच्या खांद्यात खुपसलं आणि पटकन मागे उडी मारली. काही झालं नाही. त्याने परत खुपसलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक आनंद पसरला. त्याने हात पूर्ण मागे नेऊन मामांच्या कानशिलात अशी ठेवून दिली, की शेजारच्यांनी दारं उघडली.

मामांच्या कानात भट्टी पेटल्यासारखी शिटी सुरू झाली. ती दोन दिवस थांबली नाही. हात पाठीमागे बांधून ते उभे राहिले आणि म्हणाले, “पाणी बंद कर मग.”

वरच्याने अजून एक दिली. पाणी बंद केलं नाही.

पंक्चरवाला त्याच्यापेक्षा सभ्य. त्याने मामांना रस्त्यात अडवून आधी विचारलं.

“मामा, ऐकलं ते खरं का?”

“खरं.”

“किती दिवस राहिले?”

“अकरा.”

“मग आज मारू की परवा? परवा दुकान बंद असतं. निवांत होईल.”

“आजच मार. परवा मला बॅग घ्यायला जायचंय.”

पंक्चरवाल्याने हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले आणि मामांच्या नाकावर ठोसा मारला. रक्ताची धार लागली. मामा फूटपाथवर बसले. पंक्चरवाला त्यांच्याशेजारी बसला, त्याने ट्यूब बुडवायच्या घमेल्यातलं पाणी त्यांच्या डोक्यावर मारलं आणि चौकशी केली, “लागलं का हो?”

“लागलं.”

“मलाही लागलं होतं. तुम्ही तेव्हा विचारलं नाहीत.”

 घाव ही गोष्ट मामांनी तेहेतीस वर्षं एकाच बाजूने पाहिली होती, घणाच्या. दुसऱ्या बाजूने ती बरीच लांब चालते, हे त्यांना नवीन होतं. मारणाऱ्याचा हात खाली येतो, तो पुढच्या कामाला लागतो. आणि इकडे कान वाजत राहतो, नाक ठणकत राहतं. बोटं वाकायची थांबली तर ती किती वर्षं थांबतात? घरी येऊन त्यांनी पेला डाव्या हाताच्या तीनच बोटांनी धरून पाहिला. पाणी अर्धं अंगावर सांडलं. पेला त्यांनी जमिनीला टेकायच्या आत गुडघ्यांत धरला. मामी दारातून बघत होत्या.

तिसरा आठवडा त्यांनी सुजलेल्या तोंडाने काढला. बॅग आली, यादी भरत गेली, आणि मामी रोज सकाळी कॅलेंडरवर आदल्या दिवसावर फुली मारून घरातल्या कपबश्या मोजत.

एकविसावा दिवस उजाडला. दोनचा भोंगा झाला. मामांनी शेवटची बाटली एका घावात फोडली, घण स्टोअरमध्ये जमा केला, सही केली. स्टोअरवाल्याने दांडा उलटासुलटा करून पाहिला. बोटांच्या जागी लाकडात चार खळगे पडले होते. “हा आता दुसऱ्या कोणाच्या हातात बसायचा नाही,” तो कुरकुरला.

कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. खुर्च्या मांडल्या होत्या, पहिल्या रांगेत कडक इस्त्रीच्या निळ्या कपड्यांत मामी बसल्या होत्या. शेजारी सुपरवायझर. त्याला सगळे शिट्टी म्हणत, कारण त्याच्या पुढच्या दोन दातांमधून बोलताना शिट्टी वाजे, आणि ती फटही बारा वर्षांपूर्वी मामांनीच पाडली होती. मोठ्या साहेबांनी भाषण केलं. मामांनी आयुष्यात साठ लाख बाटल्या फोडल्या, असं ते म्हणाले. मामा लाजले.

“आणि आता ही एक न फोडता द्यायची,” साहेब म्हणाले. “मामा उद्या जिथे चाललेत तिथल्याच मळ्याची. नऊ वर्षं जुनी, मळेवाल्यांनी मुद्दाम पाठवलेली. आपण सगळे घोट घोट घेऊ. पहिला पेला मामींना.”

त्यांनी बाटली खिडकीच्या उजेडात उंच धरली. फिक्या हिरव्या काचेतली पांढरी वाईन. टाळ्या झाल्या. मामांनीही वाजवली, आणि दुसरी वाजवायला वेगळे झालेले हात तसेच राहिले.

साहेबांनी बाटली हलवली, आतली वाईन हलली. खांद्याच्या जरा खाली एक रेघ होती, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ती हलली नाही.

साहेबांनी स्क्रू बुचात घातला आणि फिरवायला लागले. मामी पेला घेऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, थांबा. झोपाळा आहे.”

सगळे हसले. शेवटच्या दिवशी माणूस थट्टेत येतोच.

“मामा, भोंगा झाला,” साहेब म्हणाले. “आता सगळ्या बाटल्या चांगल्या.”

“साहेब, खाली ठेवा ती.”

“अहो, द्या की घोटभर,” कोणीतरी ओरडलं. साहेबांनी स्क्रूला आणखी एक पीळ दिला.

मामांचा उजवा हात बाजूला गेला. घण नव्हता. टेबलावर पाण्याचा स्टीलचा भरलेला जग होता. बोटं त्याच्या कानात बसली आणि जग वर उचलला गेला. अंतर मोजायची गरज नव्हती, हाताला ते पाठ होतं. बाटलीच्या खांद्यावर एक घाव. आणि बाटलीच्या पोटाभोवती साहेबांची पाच बोटं. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं.

मामांनी जग खाली ठेवला. पाणी हिंदकळून टेबलावर आलं. मग त्यांनी पुढे होऊन बाटली दोन्ही हातांनी कवेत घेतली आणि ओढली. साहेबांनी ती चटकन सोडली नाही. सोडली तेव्हा ते मागच्या खुर्चीसकट मागे गेले. खुर्ची मोडली, चष्मा उडाला, आणि साहेब त्यावर बसले.

“साहेबांवर हात टाकला!” शिट्टी किंचाळला. हे वाक्य तो बारा वर्षं कोणाच्या तरी तोंडून ऐकायला टपला होता; शेवटी त्याने ते स्वतःच म्हटलं. मामा बाटली पोटाशी घेऊन जमिनीवर गोळा होऊन पडले, तोवर पहिली लाथ कमरेत बसली. मग दरवान धावत आला आणि त्याने दांडका पाठीवर घातला. बुचात अर्धा घुसलेला स्क्रू मामांच्या बरगड्यांत रुतत होता, आणि प्रत्येक लाथेला आणखी रुतत होता. शिट्टीने केस धरून त्यांचं डोकं वर ओढलं आणि तोंडावर गुडघा मारला. काहीतरी कटकन मोडलं. मामांनी जिभेने चाचपलं. दात. बाटली नाही.

“सोड ती! सोड म्हणतो ना!”

मामांनी गुडघे आणखी पोटाशी घेतले. हात कुठे आहेत हे त्यांना नीट ठाऊक होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते जिथे ठेवले होते तिथेच होते.

तेवढ्यात वरचा उजेड गेल्यासारखा झाला. मामी आल्या होत्या. त्यांनी हातातला पेला काळजीपूर्वक टेबलावर ठेवला, कारण तो काचेचा होता. मग घडीची लोखंडी खुर्ची उचलून ती मिटली आणि शिट्टीच्या पाठीवर अशी आणली, की त्याच्या दातांमधून आजवरची सगळ्यात लांब शिट्टी वाजली. दरवानाने दांडका उगारला. मामींनी तो हवेतच धरला, ओल्या चादरीसारखा पिळला, आणि काढून घेतला.

“बाई, तुम्ही तर म्हणत होतात मारामारी नको,” दरवान मनगट चोळत म्हणाला.

“अट ह्यांच्यासाठी होती,” मामी म्हणाल्या. “मी कुठे काय कबूल केलं होतं?”

सगळं शांत झाल्यावर मामांनी बसूनच बाटली वर केली. ओठातून रक्त गळत होतं. “खिडकीशी न्या,” ते म्हणाले.

साहेबांनी काचा नसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला, तो काढला, आणि बाटली उजेडाला धरली. बराच वेळ धरली. मग ती दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल ठेवावं तशी टेबलावर ठेवली. मामींसाठी मांडलेल्या रिकाम्या पेल्याकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते खाली बसले, ह्या वेळी खुर्ची बघून.

“कोणी सोडली ही?” ते म्हणाले.

“तळ बघा,” मामा म्हणाले.

बाटलीच्या तळाला साच्याचा नंबर उठवलेला असतो. साहेबांनी बोट फिरवलं. सात.

हा साचा सगळ्यांनाच आठवत होता असं नाही. मामांना आठवत होता. धाकटा गेल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात हा सात नंबर यंत्रावर चढला होता आणि दीड महिन्यात खराब म्हणून उतरवला होता. आणि तो दीड महिना पाटीपुढे बसायला माणूस मिळत नव्हता, म्हणून सकाळपाळीला मामा स्वतः बसले होते, आणि दुसऱ्या पाळीला यंत्र बंद होतं.

“मी,” मामा म्हणाले. पुढचा दात नसल्यामुळे ते नीट उमटलं नाही, म्हणून त्यांनी परत म्हटलं. “मी सोडली. माझे डोळे होते पाटीवर.”

 घरी आल्यावर मामींनी त्यांचं तोंड धुतलं, बरगड्यांना जुन्या चादरीची पट्टी घट्ट आवळली. मामा कण्हले.

“हातून काय काय फुटलं?” मामींनी विचारलं.

“साहेबांचा चष्मा.”

“तो साहेबांच्या बुडाखाली फुटला.”

“खुर्ची.”

“तीही त्यांच्याच वजनाने. दात तुमचा स्वतःचा, तो धरत नाही.” त्यांनी पट्टीला शेवटची गाठ मारली. “जग का ठेवलात खाली?”

 डाव्या हाताची दोन बोटं उजव्या मुठीत धरून मामा बसून राहिले.  मामींनी कॅलेंडरवर एकविसावी फुली मारली आणि बॅग उघडली.

बाटली साहेबांनी त्यांनाच दिली होती, स्क्रूसकट, कारण तो बाहेर काढायला कोणी तयार नव्हतं. मामांनी ती स्वेटरमध्ये गुंडाळून आणली होती. तीच त्यांनी पुढे केली.

“ही कशाला?” मामी म्हणाल्या. “मळ्यावर बाटल्या कमी आहेत?”

“धाकट्याला दाखवायची आहे. मी म्हणत होतो ना, माझ्या डोळ्यांतून झोपाळा सुटत नाही. हा सुटला.”

मामींनी स्वेटर उलगडला, तळावरून अंगठा फिरवला, परत गुंडाळला. चार कपडे बाहेर काढून मधोमध जागा केली. मग मामा वाकत, बरगडी धरत कपाटापर्यंत गेले आणि घरातला खिळे ठोकायचा लहान हातोडा घेऊन आले. मामींनी त्यांच्याकडे बघितलं.

“अट आजपर्यंतच होती,” त्या म्हणाल्या. “पण तो काय म्हणालाय ते लक्षात आहे ना?”

“माझ्यासाठी नाही. झोपाळा दिसला की फोडायची, नियम आहे. पण फोडेल तो. मी ती नुसती धरणार.”

“धरणार म्हणजे? हातात?”

“डाव्या.”

मामींनी तो हातोडा त्यांच्या हातून घेतला. त्यांनी त्याचं वजन तोललं.  हातोडा त्यांनी स्वेटरच्या शेजारी ठेवला. मग त्या इस्त्रीच्या कपड्यांच्या खणाकडे गेल्या, आणि गरम चादरी ओढायचे कातड्याचे जाड हातमोजे काढले. त्यातला डावा तेवढा त्यांनी बॅगेत टाकला.

“तो म्हणाला तर घाला,” त्या म्हणाल्या. “नाही म्हणाला, तर राहू दे.”